फज्रला सरळ, मगरिबला वाकडे

शाबान महिन्यातली गोष्ट. दवाखाना बंद करून आम्ही निघण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात एक तरुण आई नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आत आली. नऊ वर्षांची मुलगी आणि कडेवर, हे पाहूनच आम्ही पुन्हा खुर्चीत बसलो. मुलीचा उजवा पाय आत वळलेला, टाच वर उचललेली, बोटे खाली ताणलेली. पोटरीला हात लावला तर लाकडासारखी घट्ट. कधीपासून असे होते, असे विचारल्यावर आईने जे सांगितले ते वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावे.

ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, फज्रला उठते तेव्हा एकदम नीट असते. स्वतः वुजू करते, दप्तर घेऊन शाळेत चालत जाते. जोहरनंतर पाय ओढायला लागते. मगरिबपर्यंत अशी होऊन बसते. रात्री झोपली की पाय आपोआप सरळ होतो."

घरच्यांनी आपापले निदान केव्हाच करून टाकले होते. दादीच्या मते मुलीवर कुणाचा तरी असर होता, आणि तो तिन्हीसांजेलाच जोर करणार यात नवल काय. एका आमिलाने गळ्यात तावीज बांधले होते, त्याचे पैसेही चांगलेच घेतले होते. शाळेतल्या बाईंचे म्हणणे की पोरगी नाटक करते, कारण सकाळच्या प्रार्थनेला ती ताठ उभी असते आणि दुपारच्या तासालाच तिचा पाय दुखतो. हाडांच्या डॉक्टरांनी जड बूट करून दिले होते. आणि खोटे कशाला सांगायचे, दोन वर्षांपूर्वी याच मुलीला आम्ही स्वतः कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि "वाढीचे वय आहे, पाय दुखतातच" असे सांगून परत पाठवले होते. ती सकाळी आणली गेली होती. त्रास कोणत्या वेळी होतो, हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते.

या आजाराच्या घराण्याला 'डिस्टोनिया' म्हणतात. 1911 साली बर्लिनचे डॉक्टर हर्मन ओपेनहाइम यांनी हे नाव दिले. स्नायूंच्या ताणाचे गणित बिघडणे, असा त्याचा साधा अर्थ. आपण हात वाकवतो तेव्हा एका बाजूचा स्नायू आखडतो आणि त्याच्या उलट बाजूचा सैल सुटतो. ही देवाणघेवाण मेंदूच्या आत खोलवर असलेल्या 'बेसल गँगलिया' नावाच्या गाठींमधून सांभाळली जाते. तिथला हिशेब चुकला की दोन्ही बाजूंचे स्नायू एकदमच ओढू लागतात. मग पाय पिळवटतो, मान एका खांद्याकडे वळते, पापण्या घट्ट मिटतात, किंवा लिहिताना बोटे पेनावर आवळली जातात. हात-पाय लुळे पडलेले नसतात, बुद्धीही बहुतेक वेळा शाबूत असते. हुकूम द्यायची यंत्रणाच चुकीचा हुकूम सोडते.

आता याला नाटक किंवा असर का समजतात, तेही सांगितले पाहिजे, कारण समजणारे सगळेच अडाणी नसतात. हा आजारच विचित्र वागतो. पाय वाकडा पडून चालणारा माणूस उलटे चालायला सांगितले तर कधी कधी नीट चालतो. ज्याची मान वळलेली असते त्याने हनुवटीला नुसते एक बोट लावले की मान सरळ होते. ढकलावे लागत नाही, स्पर्श पुरतो. टेलरचा हात इतर सगळी कामे करतो आणि फक्त कात्री धरली की आखडतो. चिंता वाढली की त्रास वाढतो, झोप लागली की नाहीसा होतो. पाहणाऱ्याला वाटते, हवे तेव्हा सरळ करता येते म्हणजे सोंगच. ओपेनहाइम यांनी हा मेंदूचा आजार आहे असे सांगूनही पुढे कितीतरी वर्षे मोठमोठ्या शहरांतले डॉक्टर अशा रोग्यांना मानसोपचारासाठी पाठवत राहिले. तेव्हा एकट्या दादीला दोष देण्यात अर्थ नाही.

कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक मात्र प्रत्येक घराला ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. उलटी थांबवायला दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड हे औषध लहान मुलांत आणि तरुण मुलींत कधी कधी अचानक डिस्टोनिया आणते. दिवसा उलटीचे औषध घेतले, आणि रात्री मान मागे ओढली गेली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली, जबडा अडकला. मूल शुद्धीवर असते, भेदरलेले असते, पण बोलता येत नाही. हे दृश्य पाहून घरात रडारड होते आणि कुणीतरी पाणी फुंकून आणायला धावते. दुआ जरूर करावी, पण रिक्षाही बोलवावी. घेतलेल्या औषधाची पट्टी किंवा बाटली सोबत न्यावी. दवाखान्यात योग्य इंजेक्शन मिळाले की बहुधा अर्ध्या तासाच्या आत सारे उतरते. पुढे जन्मभर त्या औषधाचे नाव लिहून जवळ ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवावे. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही असेच होते, म्हणून ती औषधे आपल्या मनाने बंद मात्र करू नयेत.

दुसरे कारण जन्माच्या वेळचे. बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला, किंवा जन्मानंतरची कावीळ वाढत गेली आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर मेंदूतल्या याच गाठींना इजा होते. नवजात बाळ पिवळे दिसू लागले तर घरच्या घरी कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहत बसू नये. रक्तातील काविळीचे प्रमाण मोजून घ्यावे. निळ्या दिव्याखालचे दोन दिवस बाळाचे सारे आयुष्य वाचवू शकतात.

तिसरे कारण विल्सनचा आजार. याचे वर्णन 1912 साली लंडनच्या किनियर विल्सन यांनी केले. अन्नातून येणारे तांबे यकृताने बाहेर टाकायचे असते. ते जमले नाही की तांबे आधी यकृतात आणि मग मेंदूत साठत जाते. शाळकरी मुलाचे अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, लाळ गळते, हात-पाय पिळवटतात, स्वभाव चिडका होतो. डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू शकते. तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन आणि तांबे शोषू न देणारे झिंक, ही औषधे लवकर सुरू केली तर मूल सावरते. उशीर झाला तर नुकसान भरून येत नाही. एका मुलाला विल्सन निघाला की त्याच्या धडधाकट दिसणाऱ्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी झालीच पाहिजे, कारण प्रत्येकाला तो असण्याची शक्यता चारात एक असते.

आणि चौथे कारण, ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. 1970 च्या दशकात जपानचे बालमेंदूतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी अशा मुलांचे वर्णन केले की ज्यांचा डिस्टोनिया दिवसाच्या घड्याळाप्रमाणे चालतो: झोपून उठल्यावर नाहीसा किंवा अगदी थोडा, आणि दिवस कलेल तसा वाढता. सुरुवात बहुधा पहिली-दुसरीच्या वयात, एका पायापासून. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त दिसतो. या मुलांच्या मेंदूत डोपामाइन नावाचे रसायन पुरेसे तयार होत नाही. रात्रीच्या झोपेत जी शिल्लक जमते ती सकाळी पुरते, दुपारनंतर संपत येते. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या आईने नमाजांच्या वेळांत जे सांगितले ते हेच.

यावरचे औषध म्हणजे लेव्होडोपा. म्हाताऱ्या माणसांना पार्किन्सनच्या कंपवातासाठी जी साधी, स्वस्त गोळी देतात, तीच. पार्किन्सनमध्ये काही वर्षांनी तिचा असर डळमळू लागतो, डोस वाढवावा लागतो. या आजारात तसे होत नाही. थोडासा डोस वर्षानुवर्षे पुरतो, आणि फरक काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत डोळ्यांना दिसतो. म्हणूनच कारण न सापडलेल्या डिस्टोनियाच्या प्रत्येक मुलाला एकदा तरी ही गोळी देऊन पाहावी, असे मेंदूविकारतज्ज्ञ मानतात. 'सेरेब्रल पाल्सी' असा शिक्का बसलेली काही मुले प्रत्यक्षात याच आजाराची निघतात. जन्म सुखरूप झालेला, मेंदूचा एमआरआय स्वच्छ, तरीही पाय पिळवटतो आणि संध्याकाळी जास्त पिळवटतो, अशा मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारावा.

इथे एक गोष्ट आठवली. खाजकुइली, जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की खाजून जीव नकोसा होतो, तिच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. आपल्या हकीमसाहेबांच्या दुकानात त्याच बिया तुख्म-ए-कौंच म्हणून मिळतात. जुन्या वैद्य-हकिमांच्या हाती केवढे औषध होते, याचे आम्हाला कौतुकच वाटते. पण बियांत औषध किती हे दरवेळी वेगळे, आणि पोटात गेलेले बरेचसे मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीरात खर्च होते. गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते ते हा खर्च वाचवायला. तेव्हा मुलांवर कौंचचे प्रयोग करू नयेत.

आता जनुकांविषयी. हा भाग जरा किचकट आहे, पण घराघरांतली भांडणे इथूनच सुरू होतात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक अम्मीकडून आणि एक अब्बांकडून. जनुक म्हणजे पदार्थाची लिहिलेली कृती समजा. काही आजारांत एक प्रत फाटली तरी दुसरीवरून स्वयंपाक चालतो. दोन्ही फाटल्या तरच पातेले रिकामे राहते. विल्सन असा आहे. काही आजारांत मात्र एक प्रत बिघडली तरी पुरेसे शिजत नाही. सेगावा यांनी सांगितलेला आजार बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचा. त्याचे जनुक, जीसीएच-1, जपानी संशोधकांनी 1994 साली शोधले. मेंदूत डोपामाइन बनवायला जो मदतनीस लागतो तो तयार करण्याची कृती त्यात असते. लहानपणी सुरू होऊन अंगभर पसरणाऱ्या दुसऱ्या एका डिस्टोनियाचे टीओआर-1-ए हे जनुक 1997 साली सापडले. त्यात फक्त तीन अक्षरे गळालेली असतात. गंमत अशी, की ती गळालेली प्रत जवळ असणाऱ्या दहांपैकी सुमारे तिघांनाच आजार होतो. बाकीचे सात जन्मभर ठणठणीत राहतात आणि प्रत मात्र पुढच्या पिढीला देऊ शकतात.

म्हणजे बिघाड देणारा माणूस स्वतः निरोगी असू शकतो. हे कळले नाही की सुनेच्या माहेराचा उद्धार सुरू होतो. "आमच्या खानदानात असे कधी नव्हते" हे वाक्य आम्ही दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की खानदानाची चौकशी आम्ही त्याच बाजूने सुरू करतो.

चुलत-मामे भावंडांतल्या निकाहाबद्दलही वाचक विचारतात. दोन्ही प्रती फाटाव्या लागणारे आजार अशा जोडप्यांच्या मुलांत जास्त दिसतात, हे खरे आहे. आजोबा-आजी एकच असतील तर तीच फाटलेली प्रत दोघांकडेही आलेली असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे. तो केलाच पाहिजे असे मात्र कुठे नाही. घरात विल्सनसारखा आजार एकदा दिसला असेल तर त्याच घरात पुन्हा रिश्ता जोडण्यापूर्वी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पण ही बाब एकट्या मुसलमानांची समजू नये. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक हिंदू जातींतही आहे. आणि नाते नसले म्हणून हमी मिळते असेही नाही. अमेरिकेत जुळ्या भावंडांना लहानपणी सेरेब्रल पाल्सी सांगितली गेली होती. त्यांच्या आईला एका जुन्या वर्तमानपत्रात अशाच एका मुलीची हकिकत सापडली, त्यावरून लेव्होडोपा सुरू झाले आणि मुले चालू-धावू लागली. 2011 साली ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधील संशोधकांनी दोघांचा संपूर्ण जनुकसंच वाचला, तेव्हा कळले की एसपीआर या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, अम्मीकडून एक बिघाड आणि अब्बांकडून दुसराच. त्यावरून औषधात आणखी एकाची भर पडली आणि मुले आणखी सुधारली. तपासणीचा उपयोग असा दोष कुणाचा हे ठरवायला नसून औषध कोणते हे ठरवायला असतो.

सर्वांनाच गोळीने इतके बरे वाटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. इतर प्रकारांत ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी हळूहळू वाढवत देतात. मुलांना ती बरी सोसते, मोठ्यांना तोंडाला कोरड आणि विसरभोळेपणा येतो. मान, पापण्या किंवा हात अशा एकाच भागाचा त्रास असेल तर बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. सडलेल्या अन्नातल्या जंतूचे हे जालीम विष. अगदी सूक्ष्म मात्रेत नेमक्या स्नायूत टोचले की तो तीनेक महिने सैल राहतो, मग पुन्हा टोचावे लागते. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे 1960 च्या दशकात आत वळू लागली. सुमारे तीस वर्षे ते एकट्या डाव्या हाताने वाजवत राहिले. नंतर या इंजेक्शनांच्या मदतीने दोन्ही हातांनी वाजवू लागले. इंजेक्शन महाग आहे आणि दर तीन महिन्यांनी तो खर्च उभा राहतो, हे विसरून चालत नाही. फार पसरलेल्या आजारात मेंदूत बारीक तारा बसवून छातीतल्या बॅटरीने विद्युत स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया करतात. तिचा परिणाम दिसायला महिने लागतात, आणि टीओआर-1-ए प्रकारात तो विशेष चांगला मिळतो. मुंबईचे केईएम किंवा बंगळुरूचे निमहान्स अशा मोठ्या सरकारी संस्थांत यातला सल्ला मिळतो.

आमच्या मुलीला आम्ही दुसऱ्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवले. एमआरआय स्वच्छ निघाला, तांब्याच्या तपासण्याही. गोळीचा अगदी लहान तुकडा सुरू झाला. पहिले दोन दिवस तिला मळमळले, मग राहिले. रमजान लागला तेव्हा आईचा फोन आला. फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, पोरगी इफ्तारीची ताटे शेजारी देऊन आली. चालत. रक्ताच्या तपासणीत पुढे जीसीएच-1 मधला बिघाड निघाला, आणि तो वडिलांकडून आलेला होता. वडील धडधाकट आहेत, रोज पन्नास किलोची पोती उचलतात.

तज्ज्ञांनी घरच्या इतरांची चौकशी केली तेव्हा दादी गप्प झाली. मुलीची मोठी फूफी, वय एकोणपन्नास, त्याच घरात मागच्या खोलीत राहते. सहाव्या वर्षापासून पाय ओढते. मोहल्ल्यात सगळे तिला पोलिओवाली म्हणतात. दोनदा रिश्ता आला आणि दोनदा पाय पाहून परत गेला. आम्ही त्यांचा पाय पाहिला. पोलिओचा पाय बारीक पडतो, ढिला पडतो. हा पाय दुसऱ्याइतकाच भरलेला होता आणि घट्ट होता. विचारले, सकाळी कसा असतो? फूफी म्हणाल्या, "सकाळी बरा असतो. लहानपणी तर सकाळी मी धावायची. अम्मीला सांगायची, तर कुणाला खरे वाटायचे नाही."

त्यांनाही गोळी सुरू झाली आहे. इतक्या वर्षांत घोट्याचे सांधे आखडले आहेत, त्यामुळे पाऊल पूर्ण सरळ पडत नाही. पण काठी सुटली आहे आणि संध्याकाळी त्या जिना चढून गच्चीवर जातात. मागच्या आठवड्यात त्या एकट्या दवाखान्यात आल्या आणि ही गोळी केव्हा निघाली असे त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले, की तुमचा जन्म झाला तेव्हा ती निघालेली होती. त्या थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. मग पट्टी पुढे करून म्हणाल्या, "ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

आधी, अर्धा तास. मटण-डाळीचे भरपेट जेवण पोटात असले की ती नीट शोषली जात नाही.